टोक नसलेली सुरी

माझ्या आजोबांची एक सुरी आमच्या घरात आहे. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. दादा खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात एके काळी प्रत्येक घरातला निदान एक माणूस बोटीवर असे. ब्रिटिश अमदानीत मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींवर डेकचे काम मोठ्या प्रमाणात कोकणी मुसलमानांकडे होते, तर सलूनचे काम गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. सारंग, टिंडाल, कसाब, सुकाणी, खलाशी ही त्या दुनियेतली पदे. आमच्याकडे आजही एखाद्या घराला 'सारंगांचे घर' म्हणून ओळखतात, मग त्या घरात आता कोणी समुद्र पाहिलेला नसला तरी.

सुरी तशी साधी आहे. चार-साडेचार इंचांचे पाते, शिसवीची काळसर मूठ, मुठीत पितळेचे तीन खिळे आणि मागच्या टोकाला दोरी ओवण्यासाठी एक भोक. चामड्याचे म्यान कधीच कुजून गेले. पण कोणीही ती हातात घेतली की पहिला प्रश्न एकच विचारतो, "हिचं टोक मोडलंय का?" कारण या सुरीला टोक नाही. धार सरळ रेषेत शेवटपर्यंत जाते आणि पाठ गोल वळून खाली येऊन धारेला मिळते. इंग्रजीत या पात्याला मेंढीच्या खुराचे नाव आहे आणि ते बरोबरही आहे.

टोक मोडलेले नाही. ते कधी काढलेच नव्हते. सुरी तशीच घडवून घेतली होती.

ती घडवण्याची हकिकत दादांच्या तोंडून मी लहानपणी अनेकदा ऐकली आहे. साठच्या दशकात दादा रजेवर घरी आले असताना बाजारातल्या लोहारमेस्त्रींकडे गेले आणि म्हणाले, "मेस्त्री, एक सुरी हवी." मेस्त्रींनी लांबी विचारली नाही, किंमत सांगितली नाही. त्यांनी विचारले, "कशासाठी?" दादांनी सांगितले, दोर कापायला. पुढचे प्रश्न सुरू झाले. दोर काथ्याचा की मनीलाचा? ओला असतो की सुका? बसून कापता की उभ्याने? दुसरा हात मोकळा असतो का? दादा सांगत गेले. बोट डोलत असते, एका हाताने कशाला तरी धरून राहावे लागते, म्हणून उघडझाप करायची सुरी नको, एकसंध हवी. दोर फळीवर ठेवून वर पाते ठेवायचे आणि पाठीवर लाकडी मोगरीने ठोकायचे, म्हणून पाठ जाड हवी. हात ओले आणि तेलकट असतात, म्हणून मूठ निसटता कामा नये. मग मेस्त्रींनी ओल्या मातीचा गोळा दादांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आवळा." त्या गोळ्यावर जे बोटांचे खळगे उमटले, त्या मापाने शिसवीची मूठ तासली गेली.

पाते जुन्या कानशीचे. कानशीचे पोलाद कडक असते, पण तितकेच ठिसूळही असते. ते आधी तापवून मऊ करायचे, ठोकून आकार द्यायचा, मग लाल करून विझवायचे आणि पुन्हा बेताने तापवायचे. पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचे. यालाच आपण हत्याराला पाणी देणे म्हणतो. त्याआधी थांबलात तर पाते काचेसारखे तुटते, पुढे गेलात तर धार टिकत नाही. हे सगळे झाल्यावर मेस्त्रींनी शेवटचा प्रश्न विचारला, "टोक काढू?" दादा म्हणाले, "नको." "का?" दादांचे उत्तर मला पाठ आहे. "वर डोलकाठीवर काम करताना हातातून सुटली, तर खाली कोणीतरी असतो."

मी आता मुद्द्याकडे येतो, कारण हा लेख सुरीच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचा मुलगा जहाजावर जायची तयारी करू लागला. हल्ली खलाशी होण्यासाठीही सहा महिन्यांचा समुद्रपूर्व अभ्यासक्रम करावा लागतो, तो त्याने केला होता. दादा 2009 साली अल्लाला प्यारे झाले, तेव्हापासून सुरी माझ्याकडे होती. मी ठरवले की ती त्याला द्यावी. कापडात गुंडाळून बॅगेत ठेवली आणि शहराकडे निघालो. स्थानकावर बॅगांची तपासणी चालू होती. यंत्रात माझी बॅग गेली आणि थांबली. हवालदाराने बॅग उघडायला लावली, सुरी बाहेर काढली आणि विचारले, "हे कशासाठी?"

तोच प्रश्न. मेस्त्रींनी विचारलेला, अक्षर अन् अक्षर तोच.

मी सांगू लागलो. आजोबा, बोट, दोर, भाचा. त्याने ओळखपत्र मागितले. नाव वाचले. नाव वाचल्यावर त्याच्या चेहऱ्यात जो बदल झाला त्याचे वर्णन मी करणार नाही. वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिलेला आहे. त्याने शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली. रांगेतली माणसे वळून पाहू लागली. मी गळ्यात शाळेचे ओळखपत्र असलेला, बी.एड. झालेला, दाढीत दोन-चार पांढरे केस आलेला मास्तर, माझ्या तोंडून वाक्य निघाले, "साहेब, बघा ना, हिला टोकच नाही."

हवालदाराने अंगठ्याने पात्याचे टोक चाचपले. खरेच नव्हते. "ठीक आहे, जा," म्हणाला. प्रकरण पाच मिनिटांत संपले. कोणी मला मारले नाही, शिवी दिली नाही, चौकीत नेले नाही. तक्रार करावी असे काहीच घडले नाही. आणि तरीही गाडीत बसल्यावर मला इतकी शरम वाटली की मी डब्यातल्या कोणाकडे पाहू शकलो नाही.

शरम कशाची वाटली, याचा मी त्यानंतर बराच विचार केला. हवालदाराने विचारले याची नाही. विचारणे हे त्याचे कामच आहे. कायदासुद्धा हाच प्रश्न विचारतो. 1959 चा शस्त्र कायदा निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूला शस्त्र मानत नाही आणि नियमांतही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख करताना घरकाम, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठीच्या सुऱ्या वेगळ्या काढल्या आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेतही लोखंड एकटे बोलत नाही, त्याचे काम बोलते. तेव्हा 'कशासाठी' हा प्रश्न वाईट नाही. मला शरम वाटली ती माझ्या उत्तराची. दादांनी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या काळजीपोटी जे टोक काढू दिले नव्हते, ते मी माझ्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून पुढे केले. त्यांच्या काळजीचा मी माफीनामा करून टाकला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तो नैतिक प्रश्न आहे आणि मला वाटते आपल्या सर्वांचा आहे. माणसाने आपले टोक स्वतःहून बोथट करावे का? आणि करावे तर कोणासाठी?

बिनटोकाच्या सुरीचा इतिहास पाहिला तर तिला दोन जन्मकथा आहेत. पहिली दादांची. बोट डोलते, माणसे दाटीवाटीने काम करतात, वरून वस्तू पडतात. तीन पेडी दोराचे पेड सोडवून दुसऱ्या दोरात गुंफताना टोकदार पाते शेजारचा पेड चिरते किंवा तळहातात घुसते. म्हणून पेड उकलायला जाड सुयेसारखा वेगळा पोलादी खिळा वापरतात आणि कापायला बिनटोकाचे पाते. आजही फुगवून वापरायच्या जीवरक्षक तराफ्यात ठेवायच्या सुरीबाबत आंतरराष्ट्रीय नियम आहे. ती घडी न होणारी हवी, तिची मूठ पाण्यावर तरंगणारी हवी आणि तिला दोरी बांधलेली हवी. तिचेही टोक बोथटच ठेवतात. ज्या तराफ्यावर जीव तगून आहे तोच फुटला तर काय उपयोग?

दुसरी जन्मकथा कडू आहे. शिडाच्या जहाजांच्या काळाविषयी सांगतात की नवा खलाशी जहाजावर चढला की त्याच्या सुरीचे टोक मोडून टाकत. कशासाठी? तर खलाशी म्हणजे दारुडे, भांडखोर, बंडखोर. उद्या एकमेकांच्या किंवा कप्तानाच्या पोटात खुपसतील. ही रीत किती जहाजांवर होती याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण गोष्ट समुद्रावर पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, यावरूनच मालक आणि खलाशी यांच्यातले नाते कळते. त्याच जमान्यात आरमारी अधिकाऱ्याच्या कमरेला तलवार लटकत होती आणि कोवळ्या वयाच्या मिडशिपमनच्या कमरेला टोकदार खंजीर. त्यांची टोके कोणी मोडली नाहीत.

आता दोन सुऱ्या शेजारी शेजारी ठेवा. आकार एकच, पाते एकच, दोन्हींनी दोर तितकाच कापला जातो. फरक कुठे आहे? व्यवहारी माणूस म्हणेल, फरक नाहीच. टोक नाही म्हणजे इजा नाही, कारण काही का असेना. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या छातीत सुरी घुसली नाही, त्याला ती काळजीपोटी बोथट होती की संशयापोटी याच्याशी काय देणेघेणे? 2005 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लंडनच्या तीन डॉक्टरांनी लिहिले होते की स्वयंपाकघरातल्या लांब टोकदार सुऱ्यांची विक्रीच बंद करावी. त्यांनी दहा आचाऱ्यांना विचारले होते आणि घरच्या कामाला लांब टोक हवेच असे त्यांपैकी कोणी म्हटले नाही. हे डॉक्टर अपघात विभागात काम करणारे होते, जखमा रोज पाहत होते. त्यांच्या सूचनेत मला अपमान दिसत नाही. त्याही आधी 1669 साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने रस्त्यावर आणि जेवणाच्या टेबलावर टोकदार सुऱ्यांना बंदी घातली आणि सुऱ्यांची टोके घासून बोथट करायला लावली. जेवणाच्या टेबलावरच्या सुरीचे टोक आजही गोल असते. आपण तिने पावाला लोणी लावतो, तेव्हा कोणालाही आपला अपमान झाला असे वाटत नाही.

का वाटत नाही? कारण टेबलावर बसलेल्या सगळ्यांच्याच सुऱ्यांची टोके गोल आहेत. मला वाटते कसोटी इथे आहे. जो निर्बंध सर्वांवर आहे त्याला शिस्त म्हणतात. जो निर्बंध काहींवर आहे आणि काहींवर नाही, आणि कोणावर असावा हे त्याच्या कृतीवरून न ठरता नावावरून, जातीवरून, कपड्यावरून ठरते, तो निर्बंध अपमान असतो, मग त्याने एखादी जखम टळली असली तरीही. स्थानकावर सर्वांच्या बॅगा यंत्रातून जात होत्या, त्याला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती नाव वाचल्यानंतरच्या पाच मिनिटांना.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. आपल्यावर अन्याय झाला असे सांगणारे लेख लिहायला सोपे असतात आणि वाचायलाही बरे वाटतात. पण मला वर्गातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती लपवली तर वरचे सगळे खोटे होईल.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवीला भूमिती शिकवतो. ज्याला मराठी शाळेत कर्कटक म्हणतात त्याला आमच्याकडे परकार म्हणतात. एके दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलाच्या दंडात कोणीतरी परकारचे टोक टोचले. कोणी टोचले ते कळेना. वर्गात एक मुलगा होता, ज्याचा मोठा भाऊ मारामारीसाठी मोहल्ल्यात बदनाम होता. मी कोणालाही न विचारता त्या मुलाजवळ गेलो, त्याच्या पेटीतला परकार काढून घेतला आणि माझ्या खणात टाकला. बाकीच्या चाळीस मुलांचे परकार त्यांच्याजवळच राहिले. मुलगा काही बोलला नाही. वर्गही शांत झाला. मला वाटले, काम झाले.

आठवड्याने वह्या तपासायला घेतल्या. त्या मुलाच्या वहीत वर्तुळे होती, पण एकाही वर्तुळाला केंद्र नव्हते. मी त्याला बोलावले. "वर्तुळ काढलंस कसं?" "आईच्या बांगडीनं, सर." "आणि मरकज कुठंय?" तो खाली मान घालून म्हणाला, "टोक तुमच्याकडं आहे, सर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने फक्त वस्तुस्थिती सांगितली होती. पण मला त्या क्षणी स्थानकावरचा हवालदार आठवला आणि कळले की त्या आठवड्यात हवालदार मीच होतो. मी तर त्याच्याहून वाईट. त्याने निदान 'कशासाठी' असे विचारले होते. मी तेवढेही विचारले नव्हते. मी भावाचे नाव वाचले आणि टोक काढून घेतले. मी वर्गासमोर त्याचा परकार परत दिला आणि माझी चूक झाली असे सांगितले. टोचणारा कोण होता ते मला आजतागायत कळलेले नाही.

त्या मुलाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. टोक हे फक्त इजा करण्यासाठी नसते. परकारचे टोक कागदावर रुतले नाही तर वर्तुळच होत नाही. माणसाला कुठेतरी रुतून उभे राहण्यासाठी टोक लागते. त्याची भाषा, त्याचे मत, 'हे मला मान्य नाही' असे म्हणण्याची हिंमत, ही सगळी टोकेच आहेत. संशय टाळण्यासाठी आपण ती एकेक करून घासत गेलो तर उरते ती बांगडीने काढलेल्या वर्तुळासारखी जिंदगी. दिसायला गोल, आत मरकज नसलेली. आपल्यातले किती तरी शिकलेले लोक असेच जगतात. मीही जगतो. स्थानकावर माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते काही एका दिवसात तयार झालेले नव्हते.

मग टोक ठेवायचे की काढायचे? हदीसमध्ये एक सूचना आहे आणि ती मला या बाबतीत फार मोलाची वाटते. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोके आपल्या हातात धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, अशा अर्थाची ती शिकवण आहे. नीट पाहा. बाण मोडायला सांगितलेले नाही, बाण जप्त करणारा पहारेकरी दारात बसवलेला नाही आणि हा नियम कोणा एका कबिल्यापुरताही नाही. ज्याचा बाण त्याने त्याचे टोक स्वतःच्या मुठीत धरायचे आणि गर्दीतून चालायचे. दादांचे 'नको' याच जातीचे होते. टोक कोणी काढून घेतलेले नव्हते आणि संशयाच्या भीतीने त्यांनी ते टाकलेलेही नव्हते. खाली उभा असलेला माणूस त्यांना दिसत होता, एवढेच त्याचे कारण होते. तो माणूस कोणत्या धर्माचा, कोणत्या हुद्द्याचा, हे वरून दिसतही नव्हते.

सुरी भाच्याला दिली तेव्हा त्याने ती उलटसुलट केली आणि म्हणाला, "मामू, हिला टोक काढून घेऊ का? अशी कशी बोथट?" त्याला मी स्थानकावरची गोष्ट सांगितलेली होती. त्याच्या डोळ्यांत जो राग होता तो मला ओळखता येत होता आणि खरे सांगायचे तर थोडा आवडतही होता. मी त्याला उपदेश केला नाही. पुढच्या सुट्टीत आम्ही दोघे गावी गेलो तेव्हा त्याला बाजारात मेस्त्रींच्या मुलाकडे घेऊन गेलो. दादांचे मेस्त्री आता नाहीत. मुलगा भट्टी चालवतो, पण काम आता बहुतेक कोयत्या आणि विळ्यांचेच येते. त्याने सुरी हातात घेतली, वजन पाहिले आणि म्हणाला, "ही बाबांच्या हातची." भाचा म्हणाला, "टोक काढून हवंय." मेस्त्री म्हणाले, "काढतो. कशासाठी?"

भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी भट्टीकडे पाहत राहिलो. हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याचे नाव विचारले नव्हते आणि उत्तर ऐकल्याशिवाय तो हातोडा उचलणारही नव्हता. बराच वेळ गेला. शेवटी भाच्याने सांगायला सुरुवात केली, ती टोकाविषयी नव्हतीच. जहाजावर आता दोर बहुतेक नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीनचे असतात, ते ताणाखाली असताना जवळ जाता येत नाही, हातमोजे घालावे लागतात. मेस्त्री ऐकत राहिले, मध्येच प्रश्न विचारत राहिले. मग त्यांनी ओल्या मातीचा गोळा त्याच्या हातात दिला.

पाते आहे तसेच राहिले. मूठ मात्र बदलली, कारण दादांचा हात रुंद होता आणि भाच्याची बोटे लांब आहेत, त्यात हातमोज्याची जाडी. जुनी शिसवीची मूठ मी घरी घेऊन आलो. ती माझ्या टेबलावर असते. वह्या तपासताना कधी कधी हातात घेतो. ती माझ्या हाताला बसत नाही.

भाचा आता बोटीवर आहे. विमानात सुरी हातातल्या बॅगेत नेता येत नाही, सामानात टाकावी लागते, म्हणून त्याने ती मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवली होती. निघण्याआधी त्याने फोनवर विचारले, "मामू, कोणी विचारलं तर काय सांगू?"

मी म्हणालो, "दोर कापायची सुरी आहे म्हणून सांग. टोकाचं काही सांगू नकोस."